साडेपाचशे किलोंचे पाटे

रिकाम्या जीपला मी साडेपाचशे किलो ओझ्याचे पाटे बसवले, आणि त्याच जीपच्या मागच्या सीटवर माझ्या अडुसष्ट वर्षांच्या बहिणीला बसवून शेतरस्त्यानं नेलं. चूक एवढीच. पुढं जे लिहितो आहे ते त्या चुकीचंच प्रवासवर्णन आहे.

लोक लडाखला जाऊन येतात आणि लिहितात. माझा प्रवास हिंडलगा ते निपाणी आणि निपाणी ते कडोली, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास. जायचं होतं बोधगयेला.

हिंडलगा, शुक्रवार

चौतीस वर्षं मी एका सरकारी दवाखान्यात लोकांच्या हाडांचे फोटो काढले. निवृत्त झालो तसा मला पाय फुटले. पाय कसले, चाकं फुटली. जुनी, चारी चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी एक जीप घेतली आणि फोनवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघायला लागलो. दाढीवाली माणसं, वाळवंट, जीपच्या टपावर तंबू, आत फ्रीज. आपणही असंच निघायचं, असं ठरवलं.

एकटा निघालो असतो तर जगावर उपकार झाले असते. पण मध्ये आक्का आली.

आक्का निपाणीला राहते. लहानपणी आईचं बोट धरून तंबाखूच्या वखारीत जायची, शिंकत शिंकत शिकली, प्राथमिक शाळेत बाई झाली आणि मग मला शिकवलं. तीन वर्षांपूर्वी तिच्या विहारातल्या बायका रेल्वेनं बोधगयेला निघाल्या होत्या. यादीत आक्काचं नाव पहिलं. मी ऐटीत म्हणालो, "आक्का, रेल्वेत कशाला धक्के खातीस? मी नेतो की जीपनं."

तिनं यादीतून नाव काढून घेतलं. बायका जाऊन आल्या, तिथल्या पिंपळाची पानं पुस्तकात घालून घेऊन आल्या. आक्का थांबली. पहिल्या वर्षी टपावरच्या लोखंडी जाळीसाठी थांबली, दुसऱ्या वर्षी मोठ्या टायरांसाठी. दर बुद्धपौर्णिमेला फोन करायची, "कधी निघायचं रं, आनंदा?" मी म्हणायचो, अजून फ्रीज यायचाय.

"भगवंतांनी घर सोडलं तवा फ्रीज न्हवता घेतला," ती म्हणाली होती. मी हसलो. विनोद आहे असं वाटलं मला.

या जानेवारीत तंबू आणि फ्रीज दोन्ही मागवून झाले आणि राहिलं शेवटचं काम, पाटे. माझ्या जीपला गुंडाळीची स्प्रिंग नाही. लोखंडी पट्ट्यांची, धनुष्यासारखी वाकलेली चवड असते. आमच्याकडं तिला पाटे म्हणतात. गाडीत ओझं वाढलं की जुने पाटे सपाट होतात, गाडीची पाठ बसते. म्हणून ओझ्याप्रमाणं जाड पाटे घालायचे. बेळगावातल्या मिस्त्रीला विचारलं तर तो फोनमध्ये तोंड घालून म्हणाला, "तीन दिवसांनी या." निपाणीचा आण्णाप्पा मिस्त्री म्हणाला, "या की, च्या घेऊ." मी निपाणीला निघालो.

काकती मागं पडली, वंटमुरीचा घाट आला. जुन्या पाट्यांवर जीप पाळण्यासारखी डुलत होती आणि मी त्या डुलण्याला शिव्या देत होतो. संकेश्वरला वडा-सांबार खाल्लं. लांबून येणाऱ्यांना या हॉटेलांचं नवल वाटतं: पाटी कन्नडमध्ये, ऑर्डर मराठीत आणि गल्ल्यावरचा माणूस सुट्टे मागतो हिंदीत. आम्हाला यात काही वेगळं वाटत नाही. मी तिथंही शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला बोधगयेचा रस्ता समजावून सांगितला. त्यानं विचारलं नव्हतं.

निपाणी, शुक्रवार दुपार

आण्णाप्पाची शेड हायवेला लागून आहे. ऊस ओढणाऱ्या ट्रॉल्या आणि ट्रक यांचे पाटे भरण्यात त्याचं आयुष्य गेलं. जैन माणूस, निम्मा कन्नड, निम्मा मराठी, बोलायला सावकाश. मी तीन पानी यादी त्याच्या पुढ्यात ठेवली. छापील. तंबू, जाळी, फ्रीज, दुसरी बॅटरी, पाण्याची टाकी, डिझेलचे कॅन, दोन जादा चाकं, हत्यारं, स्वयंपाकाची पेटी. प्रत्येकापुढं वजन.

त्यानं तिन्ही पानं वाचली, उलटून मागची बाजूही बघितली.

"ह्यात माणसं कुठं हायत?"

"तिसऱ्या पानावर. शेवटी."

"शेवटी व्हय," एवढंच तो म्हणाला.

मग त्यानं मला तीन चवडी दाखवल्या. एक साध्या गाडीची, एक अडीच-तीनशे किलो जादा ओझ्याची, एक पाचशेच्या वरची. "पाटा कसा निवडायचा सांगू का साहेब? गाडीच्या अंगावर रोज जे ऱ्हातंय त्याला निवडायचा. कधीतरी येणाऱ्याला न्हाय. कधीतरी जे येतंय, त्याला खाली एक मदतीचा पाटा द्यायचा. ओझं आलं की त्यो लागतोय, न्हायतर गप पडून ऱ्हातोय. आता सांगा, गाडीत रोज काय असतंय?"

"सध्या काही नाही. पण असणार आहे."

"असणार ते ऱ्हाऊ द्या. आज काय हाय?"

आज मी होतो आणि आक्कासाठी घेतलेला बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा डबा होता. पण हे सांगायला जीभ रेटेना. मी फोन काढून दाढीवाल्याचा व्हिडिओ दाखवला. आण्णाप्पानं तो शेवटपर्यंत बघितला.

"ह्यो गडी कुठं चाललाय?"

"वाळवंटात. सहा महिने."

"आणि तुमी?"

"बोधगयेला."

"तिकडं हायवे हाय की वो."

ठरलं असं, की दुसऱ्या दिवशी आधी काट्यावर वजन करायचं, मग पाटे.

संध्याकाळी आक्काकडं भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा खरडा. कुंदा तिनं एक चमचा खाल्ला आणि डबा झाकला. "आता झालं का सगळं?" तिनं विचारलं.

"झालं. दोन महिन्यांत निघू."

तिनं आतून पांढरी साडी आणून दाखवली, घडी न मोडलेली. तीन वर्षांपूर्वीच घेतलेली. आणि मग एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. रोज पहाटे ती भिंतीला न टेकता जमिनीवर मांडी घालून अर्धा तास बसते. सराव म्हणून. "तिथं झाडाखाली बसायचं तर आपल्या पाठीनं बसावं. कुणाकडं खुर्ची मागायला लागू नये."

मी म्हणालो, जीपमध्ये घडीची खुर्चीही आहे, यादीत दुसऱ्या पानावर. तिनं साडी आत नेऊन ठेवली.

निपाणी, शनिवार

माझं सामान अजून यायचं होतं, म्हणून त्या जागी आक्काच्या शेजाऱ्यांकडून जोंधळ्याची पोती मागून आणली. तंबूच्या जागी एक, पाण्याच्या जागी दोन, असं करत जीप भरली. आक्का म्हणाली, "मी येऊ का बसायला?" मी म्हटलं, तुला कशाला त्रास, तुझ्या जागी एक पोतं ठेवतो. पन्नास किलोचं पोतं मागच्या सीटवर नीट टेकवून बसवलं.

काट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. काटेवाल्यानं माझ्या टपावरची पोती बघून विचारलं, "कुठल्या कारखान्याला?" मागचे ट्रॅक्टरवाले हसले. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी, मग सगळी मिळून, असं वजन झालं. जादा ओझं भरलं तीनशे तीस.

"तीनशेचे घाला," आण्णाप्पा म्हणाला. "खाली मदतीचा एक पाटा. आक्का बी सुखात, गाडी बी सुखात."

"येताना सामान वाढेल."

"काय आणणार, झाड?"

मी पाचशेच्या वरच्या चवडीवर हात ठेवला. का ठेवला? मला खरंच सांगता येत नाही. दाढीवाल्याचे तसे होते. ते जाड होते. आयुष्यभर मी काचेमागं उभा राहून बटण दाबलं. कुणी मला दणकट म्हटलं नव्हतं.

"ब्याड, साहेब," आण्णाप्पा म्हणाला. चिडला की तो कन्नडमध्ये नको म्हणतो. "लई कडक पडतील."

"मोठ्या प्रवासाला कडकच लागतात."

गिऱ्हाइकापुढं त्यानं हात टेकले. दिवसभर खपून पाटे बसवले. जीप चार बोटं उंच झाली आणि मी तिच्याभोवती फिरून फोटो काढले. सूर्य कलला होता. आण्णाप्पा दिवस मावळायच्या आत जेवतो. त्याच्या घरी तो नेम मोडत नाही. हात धुता धुता तो म्हणाला, "आज फेरी मारायची ऱ्हायली. उद्या सकाळी माझ्यासंगट खराब रस्त्यानं एक फेरी मारू, मग आक्कास्नी बसवा. आणि सामान येईस्तोवर ती पोती काढू नगा. रिकाम्या गाडीला ह्यो पाटा म्हंजे ओंडका."

मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

कडोली, रविवार

कडोलीला त्या दिवशी मराठी साहित्य संमेलन होतं. आक्का दरवर्षी जाते. गावात मांडव पडतो, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं शेताची कामं टाकून कविता ऐकायला येतात. तिला पहिल्या सत्राला पोचायचं होतं. आण्णाप्पाची वाट बघितली असती तर उशीर झाला असता, हे मी तिला सांगितलेलं कारण.

मला सांगायचं नव्हतं ते दुसरंच. तिथं माझ्या ओळखीचे पन्नास लोक भेटणार होते. आदल्या रात्री मी सगळ्यांना जीपचा फोटो पाठवला होता. आणि जोंधळ्याची पोती लादलेली जीप घेऊन मांडवापुढं उतरायचं म्हणजे अडत दुकानातून आल्यासारखं दिसलं असतं. सकाळी सहा वाजता मी सगळी पोती शेजाऱ्यांच्या ओसरीवर परत टाकली.

"पोती ठेवा म्हणाला हुता न्हवं मिस्त्री?" आक्कानं विचारलं.

"ते वजनापुरतं होतं."

गाडी इतकी उंच झाली होती की तिला स्टुलावर चढून बसावं लागलं. मागच्याच सीटवर. पुढं ती कधी बसत नाही. "पुढं बसलं की तुझं ड्रायव्हिंग दिसतंय," म्हणते. मागची सीट मागच्या पाट्यांच्या बरोबर वर येते, हे मला ठाऊक होतं. वाचलेलं होतं.

हायवेवर पुलांचे सांधे आले की खालून कुणीतरी बुक्की मारावी तसं व्हायचं.

"आनंदा, गाडी अंगावर आल्यागत का करायलीय?"

"नवे पाटे आहेत. मुरतील."

"मुरायला लोणचं हाय व्हय?"

काकतीजवळ हायवे सोडला. तिथून कडोलीला चांगला डांबरी रस्ता आहे. मी शेतातून जाणारा धरला. पाटे तपासायला. दोन्ही बाजूंना हरभरा, मिरचीचे वाफे, लांबवर यळ्ळूरच्या गडाचा धूसर आकार. आक्का खिडकीतून बघत होती आणि खूश होती, हे मला आरशात दिसलं. पुढं कुणीतरी पाण्याच्या पाइपासाठी रस्ता आडवा खणून माती वरच्या वर लोटली होती. मला तो चर दिसला. वेगही फार नव्हता. जुन्या पाट्यांवर मी ब्रेक मारला असता. नव्यांवर मारला नाही.

पुढची चाकं गेली. मागची गेली तेव्हा जीपनं लाथ झाडली. आरशात आक्का वीतभर वर गेलेली दिसली आणि मग खाली आली.

"आई," एवढंच ती म्हणाली. हळू.

"लागलं का?"

तिनं पुढची सीट दोन्ही हातांनी धरली. "न्हाय. चल, उशीर हुईल."

मग मी जे बोललो ते लिहायचं टाळता आलं असतं. मी म्हणालो, "बघितलंस आक्का, गाडी खाली टेकली नाही."

मांडवात ती बायकांच्या बाजूला बसली. मी बाहेर जीपपाशी. ओळखीचे जमले, चाकाखाली वाकून बघू लागले. मी "साडेपाचशे किलो" हा आकडा किमान वीस वेळा सांगितला. एकानं विचारलं, "आणि आत्ता आत किती आहे?" मी विषय बदलला. आतून कविता ऐकू येत होत्या, टाळ्या पडत होत्या. आक्का दोन तास ताठ बसून होती म्हणे. शेजारणीला वाटलं, बाई फार मन लावून ऐकतात.

जेवायला पंगत बसली. भात, आमटी, बुंदी. एक पोरगी धावत माझ्याकडं आली आणि म्हणाली, तुमच्या आक्का बोलवायल्यात. मी गेलो तर पंगत उठून गेलेली आणि सारवलेल्या जमिनीवर आक्का एकटीच मांडी घालून बसलेली. पुढ्यात अर्धं ताट. कपाळावर घाम.

"मला उठता येईना रं," ती म्हणाली. लाज वाटल्यासारखी.

चार बायकांनी तिला उचललं. मी पाय धरायला पुढं झालो तर त्यांतली एक म्हणाली, "तुमी बाजूला व्हा." जीपमध्ये तिला चढवणं शक्यच नव्हतं. संमेलनाला आलेल्या एका कवीची जुनी, लहान, झोके खाणारी गाडी होती. त्यात मागं आडवी करून तिला बेळगावला नेलं. मागून मी एकटा, उंच जीपमध्ये.

बेळगाव, सोमवार

फोटो माझ्याच जुन्या खोलीत काढला. माझ्या जागी आलेल्या मुलीनं मला काचेमागं उभं राहू दिलं. "श्वास रोखा, हलू नका," ती म्हणाली. आक्का मुळीच हलत नव्हती.

फोटो बघायला मला डॉक्टर लागत नाही. कमरेचा वरचा मणका पुढून दबला होता, पाचरीसारखा. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने अंथरूण, मग पट्टा. जमिनीवर बसणं, वाकणं बंद. "पुढं कधीतरी?" मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आणि म्हणाले, "हाडं आधीच ठिसूळ होती. तुम्हाला दिसलं नव्हतं का कधी?"

दिसलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याचा फोटो मीच ओळखीनं काढवून घेतला होता. हाडं जाळीसारखी विरळ दिसली होती. वयाचं आहे म्हणालो आणि घरी जाऊन फ्रीजच्या किमती बघत बसलो.

आक्का खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "तोंड का पाडलंस? जेवलास का न्हाय?" त्यानं मला जास्त लागलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर थोडं हलकं झालं असतं. पंगतीत घातलेली ती तिची शेवटची मांडी, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

निपाणी, परत

तंबू आला, फ्रीज आला. दोन्ही हिंडलग्यात खोक्यांत आहेत. जीप घेऊन आण्णाप्पाकडं गेलो आणि म्हटलं, हे काढ आणि मऊ घाल. त्यानं आक्काची चौकशी केली. मी सांगितलं. बराच वेळ तो पान्यानं नट सैल करत राहिला.

"आता कशाला मऊ घालायलाय?" तो म्हणाला. "आता कोण बसणार हाय?"

तरी घातले. मदतीच्या पाट्यासकट, त्यानं पहिल्या दिवशी सांगितले होते तसेच. जीप पुन्हा पाळण्यासारखी चालते. काकतीपाशी तो शेतरस्ता दिसला की मी डांबरीनं जातो.

दरम्यान आक्का उठली. पट्टा बांधून खोलीभर चालायला लागली, मग विहारापर्यंत. परवा गेलो तेव्हा ती खुर्चीत बसून मटार सोलत होती. विहारातल्या बायका येत्या थंडीत पुन्हा बोधगयेला निघाल्यात, रेल्वेनं. आक्काचं नाव यादीत आहे. खालचा बर्थ, आणि झाडाखाली बसायला घडीची खुर्ची. खुर्ची तिनं स्वतः बाजारातून आणली होती. माझी मागितली नव्हती.

मी म्हटलं, पाटे बदलले आहेत, मागं गादी घालतो, तीसच्या वर जाणार नाही. ती मटार सोलत राहिली. मग म्हटलं, बरं, जीप राहू दे. मीही रेल्वेनं येतो. खुर्ची उचलायला तरी कुणी पाहिजे.

"बाया हायत की," ती म्हणाली. एक शेंग सोलून झाली, मग दुसरी. मग माझ्याकडं बघून, शाळेत पोरांना सांगायची तसं सावकाश म्हणाली, "तू येऊ नगंस, आनंदा. तू आलास की माझी सोय करायला लागशील."